आधी लॉग, मग रिस्टार्ट

सीताबर्डीला लागून, वर्धा मार्गाच्या कडेने वसलेली धंतोली ही एकेकाळी वकील, प्राध्यापक आणि डॉक्टरांच्या बंगल्यांची निवांत वस्ती होती. गेल्या काही दशकांत त्याच बंगल्यांच्या जागी रुग्णालये, प्रसूतिगृहे, पॅथॉलॉजी लॅब आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआयची केंद्रे इतक्या दाटीने उभी राहिली, की विदर्भातूनच नव्हे तर लगतच्या मध्य प्रदेशातून आणि छत्तीसगडमधूनही रुग्ण येथे येऊ लागले आणि त्यांच्या वाहनांच्या पार्किंगचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचला. रस्त्यावरची ही गर्दी कोणालाही दिसते. या इमारतींच्या आत रोज साचत जाणारी चित्रांची आणि अहवालांची गर्दी मात्र, ती ठेवणारे यंत्र बंद पडेपर्यंत, कोणाच्या लक्षात येत नाही.

सीटी स्कॅनच्या एका छेदाचे चित्र सर्वसाधारणपणे ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे असते आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागतात. म्हणजे एक छेद अर्धा मेगाबाइट जागा घेतो आणि पाचशे ते हजार छेदांच्या एकाच तपासणीला पाव ते अर्धा गिगाबाइट लागतो. ही चित्रे ज्या स्वरूपात साठवली आणि पाठवली जातात ते डायकॉम हे मानक १९९३ साली सध्याच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून क्ष-किरण फिल्मच्या पाकिटांची जागा हळूहळू हार्ड डिस्कने घेतली. मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी सर्व्हरची स्वतंत्र, वातानुकूलित खोली असते. दोन-तीन डॉक्टरांच्या केंद्रात मात्र हे काम बहुधा रिसेप्शनच्या मागे किंवा जिन्याखाली ठेवलेल्या, वीतभर उंचीच्या एका पेटीकडे सोपवलेले असते. या पेटीला नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, आणि बोलण्यात नुसते ‘नॅस’, म्हणतात. तिच्यात दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क असतात, त्या सांभाळणारा एक छोटा संगणक असतो, आणि लॅनच्या वायरने जोडलेले केंद्रातील सगळे संगणक आपापली चित्रे व अहवाल तिच्यातच ठेवतात. चार्टर्ड अकाउंटंटची कार्यालये आणि वकिलांची चेंबर्स यांच्याकडेही आता अशीच पेटी दिसते.

या यंत्राची एक अडचण त्याच्या घडणीतच आहे. त्याला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. बिघाड झाल्यावर ते फार तर एक दिवा तांबडा करते आणि बीप वाजवते. बीप वाजला म्हणजे काहीतरी घडले एवढेच कळते. काय घडले, केव्हा घडले आणि त्याआधी काय घडले होते, हे सांगण्याची सोय यंत्रात फक्त एका ठिकाणी असते, ती म्हणजे त्याचा लॉग. यंत्र चालू असताना घडणाऱ्या प्रत्येक उल्लेखनीय घटनेची तारीख-वेळेसह आपोआप होत जाणारी नोंद म्हणजे लॉग. आणि त्यांपैकी बिघाडाच्या निदानासाठी उपयोगी पडणाऱ्या नोंदींच्या संचाला निदान-लॉग म्हणता येईल. हा संच नाशवंत असतो आणि घाईने केलेल्या पहिल्याच उपायात तो पुसला जाण्याचा संभव असतो. म्हणूनच तो पाहण्याची आणि बाहेर काढून ठेवण्याची रीत यंत्राच्या मालकाने समजून घेणे अगत्याचे ठरते.

लॉगमध्ये काय लिहिलेले असते

बाजारातील बहुतेक नॅस लिनक्स किंवा त्याच्या जवळच्या प्रणालीवर चालतात आणि नोंदी ठेवण्याची त्यांची पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात तयार केलेल्या ‘सिसलॉग’ या व्यवस्थेवर आधारलेली आहे. ऑलमन यांनी ती मुळात आपल्या सेंडमेल या ईमेल वाहून नेणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिली होती; ती इतकी सोयीची ठरली की पुढे सर्व तऱ्हेच्या यंत्रांनी ती उचलली आणि २००९ साली तिचे सुधारित मानकही निघाले. सिसलॉगची प्रत्येक ओळ साधारणपणे चार गोष्टी सांगते : वेळ, यंत्राचे नाव, नोंद करणारा प्रोग्रॅम आणि मजकूर. त्याखेरीज प्रत्येक नोंदीला शून्य ते सात अशा आठ पायऱ्यांपैकी एक पायरी दिलेली असते. शून्य म्हणजे यंत्रणा वापरण्याजोगी उरली नाही अशी आणीबाणी, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, सहा म्हणजे नुसती माहिती आणि सात म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीचा बारीकसारीक तपशील.

नॅसच्या वेब पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या व्यवस्थापन पानावर, जो लॉग दिसतो तो बहुधा या नोंदींचा गाळीव आणि वाचायला सोपा केलेला भाग असतो. कोणी लॉगिन केले, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणती डिस्क तापली, बॅकअप पुरा झाला की अर्धवट राहिला, अशा वाक्यांचा तो असतो. त्याखाली आणखी एक थर असतो. त्यात कर्नलच्या, म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या नोंदी, डिस्कच्या गटाची, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सगळ्या डिस्कच्या संचाची, अवस्था, प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आणि तिने स्वतःबद्दल ठेवलेले हिशेब, नेटवर्कच्या सेटिंग्ज आणि चालू असलेल्या सेवांची यादी असते. दुरुस्तीला खरा उपयोग या दुसऱ्या थराचा होतो, आणि तो पानावर वाचायला मिळत नाही. तो फाइलींच्या गठ्ठ्याच्या रूपात उतरवून घ्यावा लागतो.

एका रात्रीच्या नोंदी

लॉगचे मोल वेगवेगळ्या ओळींत नसून त्यांच्या क्रमात असते, हे एका कल्पित पण धंतोलीत सहज घडू शकणाऱ्या प्रसंगावरून स्पष्ट होईल. मे महिना आहे, पारा दिवसा ४५ अंशांच्या आसपास गेला आहे आणि रात्री वादळ सुटून वीज गेली आहे. सकाळी साडेआठला केंद्र उघडते तेव्हा नॅस बीप देत असते आणि चार डिस्कपैकी तिसऱ्या डिस्कचा दिवा तांबडा असतो. पाहणाऱ्याचा निष्कर्ष तत्काळ तयार होतो : तिसरी डिस्क उडाली, नवी आणून बसवावी. लॉग मात्र वेगळी हकिकत सांगतो.

पहाटे २ वाजून ११ मिनिटांनी, वीज गेल्यामुळे यूपीएस बॅटरीवर आल्याची नोंद आहे. त्यानंतर अवघ्या अडीच मिनिटांत बॅटरी संपत आल्याची नोंद आहे. पुढची ओळ थेट २ वाजून ३१ मिनिटांची आहे आणि ती यंत्र नव्याने सुरू झाल्याची आहे. मध्ये यंत्र व्यवस्थित बंद झाल्याची एकही नोंद नाही. लगेचच, मागील वेळी फाइल प्रणाली नीट बंद झाली नव्हती असा इशारा येतो आणि चारही डिस्कमधील माहिती परस्परांशी जुळते की नाही हे पडताळण्याचे काम सुरू होते. ते चालू असतानाच ६ वाजून ५ मिनिटांनी तिसऱ्या डिस्कचा एक भाग वाचता आला नाही अशी नोंद होते, तो भाग पुन्हा लिहिण्याचा प्रयत्न फसतो आणि चार मिनिटांनी ती डिस्क गटाबाहेर काढली जाते. बीप वाजू लागतो तो यानंतर.

या क्रमातून दोन गोष्टी निघतात. तिसरी डिस्क खरोखरच खराब झाली आहे आणि ती बदललीच पाहिजे, पण तिचा तो भाग त्या रात्री खराब झाला असेलच असे नाही. जुन्या रुग्णांच्या, वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या चित्रांखाली तो कधीचा दडून असू शकतो आणि संपूर्ण डिस्क वाचण्याची वेळ आल्यावरच उघडकीला येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : यूपीएसची बॅटरी अडीच मिनिटांत संपली आणि तेवढ्या वेळात नॅस स्वतःहून बंद झाले नाही. नवी डिस्क बसवून बीप थांबेल, परंतु बॅटरी तीच राहिली आणि बॅटरी संपत आल्यावर स्वतःहून बंद होण्याची सेटिंग तशीच राहिली, तर पुढच्या वादळात हाच प्रसंग पुन्हा घडेल, आणि त्या वेळी एकाऐवजी दोन डिस्क गेल्या तर चित्रे परत मिळणार नाहीत. डिस्कचा दिवा हा घटनाक्रमाचा शेवट होता. कारण त्याच्या चार तास आधीच्या ओळीत होते. लॉग वाचण्याची रीत यातूनच ठरते : बीपच्या क्षणापासून उलट मागे जावे आणि सगळे सुरळीत असल्याची शेवटची खूण जेथे सापडते तेथून पुन्हा पुढे वाचत यावे.

लॉग काढण्याचे मार्ग

नॅसच्या वेब पानापर्यंत पोहोचण्यासाठी त्याचा आयपी पत्ता, म्हणजे लॅनमधील त्याचा क्रमांक, माहीत असावा लागतो. तो राउटरच्या पानावरील जोडलेल्या यंत्रांच्या यादीत मिळतो, किंवा उत्पादकाच्या शोधक प्रोग्रॅमने मिळतो. सिनॉलॉजीसाठी सिनॉलॉजी असिस्टंट, क्यूनॅपसाठी क्यूफाइंडर आणि नेटगिअरच्या रेडीनॅससाठी रेडार असे हे प्रोग्रॅम आहेत. पानावर प्रशासकाच्या, म्हणजे ॲडमिनच्या, खात्याने आत गेल्यावर पुढची वाट प्रत्येक कंपनीत थोडी वेगळी आहे.

सिनॉलॉजीच्या यंत्रात वाचण्याजोगा लॉग ‘लॉग सेंटर’मध्ये असतो आणि निदानाचा पूर्ण गठ्ठा ‘सपोर्ट सेंटर’मधील ‘सपोर्ट सर्व्हिसेस’ या विभागातून तयार करून ‘डीबग’ नावाच्या एका फाइलीत उतरवून घेता येतो. क्यूनॅपच्या नव्या यंत्रांत वाचनासाठी ‘क्यूलॉग सेंटर’ आहे आणि गठ्ठ्यासाठी ‘हेल्पडेस्क’ हे ॲप आहे. वेस्टर्न डिजिटलच्या माय क्लाउडमध्ये ‘सपोर्ट’ या विभागातून ‘सिस्टिम रिपोर्ट’ बनवता येतो, तर ट्रूनॅस या मुक्त प्रणालीत ‘सेव्ह डीबग’ असे बटण आहे. रेडीनॅसची विक्री नेटगिअरने थांबवली असली तरी जुन्या यंत्रांत ‘सिस्टिम’मधील ‘लॉग्ज’ या पानावर ‘डाउनलोड लॉग्ज’ हे बटण असते आणि ते दाबल्यावर अनेक फाइलींची एक झिप फाइल मिळते. तिच्यात कर्नलची फाइल वेगळी, डिस्कच्या माहितीची वेगळी आणि डिस्कच्या गटाची वेगळी अशी विभागणी असल्यामुळे लॉग वाचायला शिकणाऱ्याला ती विशेष सोयीची पडते.

गठ्ठा तयार व्हायला काही मिनिटे लागतात आणि त्या काळात पान अडकल्यासारखे दिसते. अशा वेळी वारंवार बटण दाबू नये. फाइल उतरल्यावर ती त्याच नॅसवर ठेवणे निरर्थक असते. ती वेगळ्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि तिच्या नावात यंत्र, तारीख व वेळ लिहावी. त्यासोबत समोरच्या दिव्यांचा आणि व्यवस्थापन पानावरील इशाऱ्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो ठेवला तर दुरुस्तीला येणाऱ्याचा बराच वेळ वाचतो.

पान उघडतच नसेल तर काही पर्याय उरतात. रेडीनॅससाठीचा रेडार प्रोग्रॅम, वेब पान बंद असतानाही यंत्र लॅनवर जिवंत असेल तर, काही प्रसंगी लॉग काढू शकतो. एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याची सोय, आधीच सुरू करून ठेवली असेल तर प्रणालीच्या नोंदींच्या फोल्डरमधून फाइली थेट उचलता येतात. यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर शेवटचा मार्ग म्हणजे डिस्क बाहेर काढून, प्रत्येकीवर तिच्या कप्प्याचा क्रमांक लिहून, त्या लिनक्सच्या संगणकाला फक्त वाचनासाठी जोडणे. अनेक नॅस आपली प्रणाली आणि तिचे लॉग प्रत्येक डिस्कच्या एका छोट्या भागात सारखेच ठेवत असल्यामुळे एखादी डिस्क पूर्ण निकामी असली तरी बाकीच्यांवरून लॉग मिळू शकतो. हे काम मात्र अनुभवी माणसाकडेच सोपवावे, कारण जोडताना डिस्कवर चुकून काही लिहिले गेले तर माहिती परत मिळवण्याची शक्यता झपाट्याने घटते.

डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेले हिशेब

गठ्ठ्यातील सर्वांत उपयुक्त पाने डिस्कच्या ‘स्मार्ट’ हिशेबांची असतात. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या आत काही मोजमापे सतत ठेवत असते आणि त्या प्रत्येकाला क्रमांक असतो. पाचव्या क्रमांकावर, खराब निघालेल्या आणि राखीव जागेत हलवलेल्या भागांची संख्या असते. १९७व्या क्रमांकावर संशयास्पद ठरलेल्या, पण अजून हलवायच्या राहिलेल्या भागांची. १९८व्यावर सुधारता न आलेल्या भागांची. नवव्यावर डिस्क एकूण किती तास चालली ते. आणि १९४व्यावर तिचे तापमान. १९९व्या क्रमांकाकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण तो डिस्कच्या आतल्या नव्हे तर डिस्क आणि यंत्र यांच्यामधल्या देवाणघेवाणीतील चुका मोजतो. बाकीचे आकडे शून्य आणि हाच वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा कप्प्यातील जोडणीचा असतो आणि चांगली डिस्क फेकून नवी घेण्याचा खर्च व्यर्थ जातो.

या आकड्यांवर किती विसंबावे, याचे उत्तर गूगलच्या एदुआर्दो पिनेरो, वोल्फ-डीट्रिश वेबर आणि लुइस बारोसो यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, एक लाखाहून अधिक डिस्कच्या पाहणीत सापडते. डिस्कच्या पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यावर पुढील ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. उलट, बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख चिन्हांपैकी एकही आधी दिसले नव्हते. म्हणजे आकडा वाढला तर तो गंभीरपणे घ्यावा, पण आकडा शून्य आहे म्हणून निश्चिंत राहू नये. आणि डिस्कच्या गटालाच बॅकअप समजण्याची चूक तर मुळीच करू नये. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलेली ‘रेड’ ही अशा गटाची रचना एखादी डिस्क गेली तरी काम चालू ठेवण्यासाठी आहे. चुकून खोडलेली फाइल, खंडणीखोर विषाणू, आग किंवा चोरी यांपासून ती वाचवत नाही.

डिस्क बदलण्याच्या क्षणीही लॉगचाच आधार घ्यावा. लॉगमध्ये डिस्कला मिळालेले नाव आणि पेटीवरचा कप्प्याचा क्रमांक यांचा मेळ नेहमी बसेलच असे नाही. म्हणून लॉगमधील अनुक्रमांक आणि डिस्कवरच्या लेबलावरील अनुक्रमांक अक्षर न् अक्षर पडताळल्याशिवाय ट्रे ओढू नये. एक डिस्क आधीच गेलेली असताना घाईने दुसरी, चांगली डिस्क ओढली गेली, तर एका डिस्कच्या बिघाडाचे रूपांतर संपूर्ण माहिती गमावण्यात होऊ शकते.

घड्याळ बिघडले तर

क्रमावर आधारलेल्या पुराव्यात वेळ चुकीची असेल तर पुरावा उभाच राहत नाही. भारतीय प्रमाणवेळ ही जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे, ज्या यंत्रात किंवा ज्या फाइलीत वेळ जागतिक पद्धतीने लिहिली जाते तिच्यातील रात्री ९ वाजून ४० मिनिटांची नोंद नागपुरात प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ३ वाजून १० मिनिटांची असते. तारीखसुद्धा बदललेली असल्याने, ‘त्या दिवशी केंद्र बंद होते, मग लॉगिन कोणी केले’ असा नसता संशय कर्मचाऱ्यांवर येऊ शकतो. यासाठी नॅस, राउटर आणि चित्रे घेणाऱ्या यंत्रांची घड्याळे इंटरनेटवरील एकाच वेळ-सर्व्हरशी जुळवलेली असावीत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा असे सर्व्हर चालवतात.

लॉग कशाने नष्ट होतो

लॉगसाठी राखलेली जागा मर्यादित असते. लिनक्सच्या अनेक प्रणालींत जुन्या नोंदींची फाइल आठवड्याला बाजूला सारून अशा चारच फाइली ठेवण्याची मूळ सेटिंग असते. पाचवी आली की सर्वांत जुनी पुसली जाते. सतत एकच इशारा देणारे, उदाहरणार्थ दर मिनिटाला तापमानाची तक्रार करणारे यंत्र आपल्याच गोंगाटाने महत्त्वाची ओळ लवकर बाहेर ढकलते. कर्नलच्या ताज्या नोंदी स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, ठेवलेल्या असतात आणि त्या डिस्कवर उतरल्या नसतील तर बटण दाबून यंत्र बंद करताच जातात. ‘फॅक्टरी रिसेट’, म्हणजे यंत्र नव्यासारखे करणे, हा तर लॉगचा पूर्ण नाश असतो. ‘एकदा बंद करून चालू करून बघा’ हा सल्ला इतर यंत्रांना लागू पडत असला तरी नॅसच्या बाबतीत तो लॉग काढून झाल्यावरच अमलात आणावा. त्याला अपवाद एकच : डिस्क खरखरत असेल, जळका वास येत असेल किंवा फाइली डोळ्यांदेखत बदलत असतील, तर लॉगची वाट न पाहता वीज किंवा नेटवर्कची वायर काढावी, कारण लॉगपेक्षा माहिती मोलाची आहे.

नष्ट न झालेला लॉग काय करू शकतो याचे ठळक उदाहरण जून २०२१ मध्ये जगाला दिसले. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती नॅसच्या अनेक देशांतील मालकांना २३ जूननंतर आपली यंत्रे अचानक रिकामी झालेली आढळली. मालकांना सुरुवातीला अपघाताने किंवा डिस्कच्या दोषाने असे झाल्यासारखे वाटू शकले असते; पण ज्यांनी यंत्राचा लॉग उघडून पाहिला त्यांना त्यात, यंत्र कारखान्यातून निघाल्याच्या स्थितीला नेणारी आज्ञावली सुरू झाल्याची ओळ वेळेसह सापडली, आणि ती मालकांनी दिलेली नव्हती. वेगवेगळ्या देशांतील लॉगांत तीच ओळ दिसल्यावर हा बाहेरून झालेला हल्ला असल्याचे स्पष्ट झाले. पुढील तपासात असे उघड झाले की, त्या आज्ञेपूर्वी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी मूळ प्रोग्रॅममध्ये निष्क्रिय करून ठेवलेल्या होत्या आणि या यंत्रांना २०१५ नंतर सुधारणाही मिळाल्या नव्हत्या. या हल्ल्यानंतर सात महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटला थेट जोडलेल्या क्यूनॅप यंत्रांतील फाइली कुलूपबंद केल्या. म्हणूनच लॉगमध्ये बिघाडाच्या ओळींबरोबरच अनोळखी पत्त्यांवरून झालेले लॉगिनचे फसलेले प्रयत्नही पाहावेत. हल्लेखोर प्रशासकाचे अधिकार मिळवून लॉग पुसू शकतो, हे लक्षात घेऊन नॅसच्या नोंदी लॅनमधील दुसऱ्या यंत्राकडे आपोआप पाठवत राहण्याची सोय सिसलॉगमध्येच आहे आणि बहुतेक नॅसच्या सेटिंग्जमध्ये ती मिळते.

कायदा आणि गोपनीयता

संगणकीय आपत्तींना तोंड देणारी केंद्र सरकारची संस्था, सर्ट-इन, हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, व्यावसायिक संस्था आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे, त्यांची घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळवणे आणि निर्देशांत दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे अपेक्षित आहे. चार आठवड्यांत लॉग पुसणारी मूळ सेटिंग आणि १८० दिवसांची ही मुदत यांतील तफावत उघड आहे. ती भरून काढायची तर साठवणीची मुदत सेटिंगमध्ये वाढवावी लागते किंवा लॉग ठरावीक काळाने बाहेर काढून ठेवावे लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर झालेल्या सायबर हल्ल्यानंतर नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे पुन्हा कागदावर करावी लागली होती. रुग्णालयांकडील माहिती हल्लेखोरांच्या नजरेत असल्याचे त्यातून दिसलेच.

दुसऱ्या बाजूने पाहता, लॉगचा गठ्ठा हा स्वतःच एक संवेदनशील दस्तऐवज असतो. त्यात वापरकर्त्यांची नावे, आयपी पत्ते, यंत्राचे अनुक्रमांक आणि उघडलेल्या वा खोडलेल्या फाइलींची नावेही असू शकतात; आणि सोनोग्राफीच्या फाइलीला रुग्णाचेच नाव देण्याची सवय असलेल्या केंद्रात तो गठ्ठा म्हणजे रुग्णांची यादीच होऊन बसते. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये, माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. म्हणून हा गठ्ठा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणे किंवा खुल्या संकेतस्थळावर ‘कोणी वाचून सांगेल का’ म्हणून चढवणे टाळावे. तो दुरुस्तीच्या अधिकृत तिकिटाला जोडावा किंवा पासवर्ड लावून एका ठरलेल्या व्यक्तीलाच द्यावा. फाइलींना रुग्णाच्या नावाऐवजी नोंदणी क्रमांक देण्याची पद्धत पाडली तर हा धोका मुळातच कमी होतो.

निरोगी यंत्राचा लॉग

लॉगविषयी सर्वांत कमी पाळली जाणारी गोष्ट म्हणजे तो यंत्र ठणठणीत असतानाही काढून ठेवणे. पाचव्या क्रमांकाचा आकडा आज २४ आहे एवढ्यावरून फारसे कळत नाही. तो मागील चार महिने २४च असेल तर ती जुनी, स्थिरावलेली इजा असते, आणि मागच्या महिन्यात तो शून्य असेल तर नवी डिस्क तातडीने मागवावी लागते. डॉक्टरला जसा रुग्णाचा जुना केस पेपर लागतो, तशी यंत्र तपासणाऱ्याला आधीच्या नोंदींची जोड लागते. महिन्यातून एकदा गठ्ठा उतरवून तारखेनुसार ठेवणे, त्याच दिवशी सर्व डिस्क पूर्ण वाचून पाहणारी ‘स्क्रबिंग’ची पडताळणी लावणे, म्हणजे दडून बसलेले खराब भाग वादळाच्या रात्रीऐवजी सोयीच्या दिवशी उघडे पडतात, आणि यूपीएसची वायर काढून नॅस स्वतःहून बंद होते की नाही हे काम नसलेल्या वेळी, बॅकअप पुरा झाल्यावर, एकदा पाहणे, एवढा क्रम बहुतेक केंद्रांना पुरेसा आहे.

ही जबाबदारी कोणाची, हे मात्र लेखी ठरलेले असावे लागते. लहान केंद्रांत यंत्राची देखभाल वार्षिक कराराने, म्हणजे एएमसीने, बाहेरच्या माणसाकडे असते. बीप वाजल्यावर त्याने लवकर यावे एवढीच अट सहसा करारात असते आणि लवकर आलेला माणूस सर्वांत आधी यंत्र बंद करून चालू करतो. करारात दोन अटी वाढवल्या तर चित्र पालटते : कोणत्याही रिस्टार्ट, रिसेट किंवा डिस्कबदलाआधी निदान-लॉग काढून केंद्राच्या ताब्यात द्यावा, आणि दुरुस्तीच्या अहवालात लॉगमधील कोणत्या नोंदीवरून कोणता निष्कर्ष काढला ते लिहावे. या अटींना वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. त्यांच्यामुळे, बदललेली डिस्क खरोखर बदलायला हवी होती काय, हा प्रश्न बिल चुकते करण्यापूर्वी विचारता येतो आणि त्याचे उत्तर पडताळूनही पाहता येते.